शेजारच्या घरातले मीठ

एकदा एक महामंत्री आपल्या वृद्ध गुरूंकडे आशीर्वाद मागायला गेला आणि गुरूंनी तो दिला नाही. का दिला नाही आणि त्यापुढे काय घडले, त्याची ही हकिकत आहे.

महामंत्र्याचे नाव जयसेन. त्याचे राज्य एका विशाल खंडाच्या मधोमध पसरलेले होते, म्हणून त्याला मध्यराज्य म्हणत. दक्षिणेला त्याचा स्वतःचा समुद्र होता. उरलेल्या तिन्ही दिशांना लहानमोठी राज्ये होती. कोणाचे धान्य मध्यराज्यातून जाई, कोणाचे लोखंड, कोणाचे यात्रेकरू. मधे बसणाऱ्याची एक सोय असते. त्याने नुसते पाय पसरले तरी चौघांची वाट अडते.

उत्तरेच्या पर्वतांत तुंगदेश नावाचा चिमुकला देश होता. त्याला समुद्र नव्हता, मिठाची खाणही नव्हती. मध्यराज्याच्या किनाऱ्यावर पिकलेले मीठ खेचरांच्या पाठीवरून एका खिंडीतून वर जाई आणि तिकडून लोकर, मध आणि डोंगरातली औषधे खाली येत. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. दोन्हीकडच्या माणसांच्या सोयरिकी झालेल्या होत्या.

त्या वर्षी तुंगदेशाच्या राजाने पूर्वेच्या बलाढ्य साम्राज्याला आपल्या डोंगरातून एक रस्ता बांधू दिला. मध्यराज्याच्या दरबाराला हे फार झोंबले. आमच्या अंगणात खेळलेले पोर आता परक्याच्या मांडीवर जाऊन बसते, असे राजा संतापून म्हणाला. सेना धाडावी काय, असा विचार सुरू झाला.

तेव्हा जयसेन उठून म्हणाला, "सेनेची गरज नाही, महाराज. खिंडीचा दरवाजा बंद करू. मीठ थांबवू. याला युद्ध असे कोणीच म्हणणार नाही, आणि बर्फ पडण्याच्या आत ते हात जोडून येतील."

तसेच झाले. खिंडीतला मोठा दरवाजा बंद झाला. 'दरवाजाच्या दुरुस्तीचे काम चालू असल्यामुळे मालाची वाहतूक तूर्त थांबवली आहे,' अशी दवंडी पिटण्यात आली. राजधानीतल्या शेंबड्या पोरालाही दुरुस्ती म्हणजे काय ते ठाऊक होते. चौकाचौकांत लोक हसत. "खा म्हणावे आता अळणी!" असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने टाळी द्यावी. जयसेन रस्त्याने निघाला की लोक त्याला हार घालत. शेजारच्या राज्यांचे दूत येऊन त्याच्या चातुर्याचे अभिनंदन करून गेले. थोड्याच काळात खंडातल्या सर्व राज्यांची परिषद भरणार होती, आणि तिथे तुंगदेशाचा राजा मान तुकवणार याविषयी कोणाला शंका नव्हती.

अशा वेळी जयसेन आपल्या गुरूंकडे गेला. राजनीती तो त्यांच्यापाशीच शिकला होता. लोक त्यांना नुसते आचार्य म्हणत. ते अंगणात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते.

जयसेन नमस्कार करून म्हणाला, "आचार्य, एकही बाण न सोडता तुंगदेश वठणीवर येतो आहे. परिषदेला निघण्यापूर्वी आपला आशीर्वाद हवा."

"वठणीवर येतो आहे, हे तू पाहिलेस?"

"हेर रोज वार्ता आणतात."

"हेरांनी पाहिले असेल. मी तुला विचारतो आहे."

आचार्यांनी सोललेल्या शेंगा बाजूला ठेवल्या आणि ते म्हणाले, "मला तिकडे घेऊन चल. वर देवीचे जुने स्थान आहे, तिथले यात्रेकरू म्हणून जाऊ. जे झाले आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आशीर्वाद देणार नाही."

जयसेनला हे गैरसोयीचे वाटले, पण मनातून तो खूशही झाला. शेजारी किती वाकला आहे ते परिषदेपूर्वी स्वतः पाहता येणार होते. मंत्र्याची वस्त्रे उतरवून, जाडेभरडे घोंगडे पांघरून तो गुरूंबरोबर निघाला.

खिंडीच्या दरवाजाशी पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना सोडत होते, पण प्रत्येकाचे गाठोडे उलगडून. पहारेकऱ्याने आचार्यांच्या शिदोरीतली मिठाची पुरचुंडी काढून घेतली. "वरून हुकूम आहे, बाबा," तो म्हणाला. हुकूम ज्याचा होता तो शेजारीच उभा होता. पहारेकरी किती दक्ष आहे, याचे जयसेनला समाधान वाटले.

दरवाजाच्या पलीकडे उतारावर तुंगदेशाचे खेचरवाले बसून होते. रिकामी खोगिरे एका बाजूला रचून ठेवलेली होती. जनावरांच्या बरगड्या दिसत होत्या. यात्रेकरू पाहून एक तरुण उठला. त्याचे नाव तासू.

"तिकडून आलात का? दुरुस्ती कुठवर आली?" त्याने विचारले.

"चालू आहे," जयसेन म्हणाला.

"मोठा दरवाजा आहे. वेळ लागायचाच," तासू म्हणाला. "आम्ही पहारेकऱ्यांना कितीदा सांगितलं, माणसं कमी पडत असतील तर आम्ही येतो हात लावायला. दगड उचलायची सवय आहे आम्हाला. पण ते काही उत्तरच देत नाहीत. तुम्ही परत जाल तेव्हा वरच्या कोणाला तरी सांगा. फुकट काम करू. दार दोघांचंच आहे ना."

जयसेनने मान हलवली. तासूने मग आचार्यांच्या थकलेल्या पायांकडे पाहिले. "देवीला निघालात तर माझं घर वाटेवरच आहे. पहिल्या गावात अक्रोडाच्या झाडाजवळ. माझी बायको पेमू असेल. मी पाठवलंय म्हणून सांगा आणि जेवून पुढे जा."

चढण चढताना जयसेन म्हणाला, "भोळी माणसे आहेत."

आचार्य म्हणाले, "आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला तू भोळा म्हणतोस?"

दुपारच्या सुमाराला ते घर आले. दगडी भिंतीचे, बुटके, पण स्वच्छ. अंगणात एक गाभण गाय भिंत चाटत होती. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. दाराशी एक म्हातारा लोकरीची दोरी वळत बसला होता. तासूचे नाव ऐकताच पेमू बाहेर आली, तिने पाय धुवायला पाणी दिले आणि घोंगडी अंथरली.

"ती गाय भिंत का चाटते आहे?" आचार्यांनी विचारले.

"मीठ मिळत नाही ना तिला," पेमू म्हणाली. "येता-जाता आमचे घामाचे हात त्या दगडांना लागलेत. तेवढाच खारेपणा."

जयसेन अंगणात उभा होता. गायीने मान वळवली आणि चढणीने घामेजलेला त्याचा तळहात ती चाटू लागली. तिची जीभ खरखरीत होती. त्याने हात ओढून घेतला नाही, आणि तिथे तसा फार वेळ ठेवताही त्याला आला नाही.

म्हातारा पेमूचा सासरा होता. ती त्याला आबा म्हणे. त्याने पाहुण्यांना शेजारी बसवून घेतले. "मध्यराज्यातले का तुम्ही? माझी बहीण तिकडे दिली आहे. चांगली माणसं तिकडची. तिचं बाळंतपण अवघड झालं तेव्हा साऱ्या आळीनं धावपळ केली. दार दुरुस्त झालं की ती येईल. वर्षाकाठी येते."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोठमोठ्या बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. भाकरी थापता थापता पेमू सांगत होती. "हे दिवस पाला खारवायचे. डोंगरात पुढे काही उगवत नाही. बरण्या भरल्या की बर्फाची काळजी नसते. यंदा पाला तयार आहे, बरण्या तयार आहेत, मीठच तेवढं नाही. दुरुस्ती लवकर झाली तर जमेल. थंडीने पाला करपला की मग काही उपयोग नाही."

तिने पाने वाढली. जाड भाकरी, उकडलेली भाजी, वाडग्यात ताक. मग ती थोडी घुटमळली. कोनाड्यातून तिने एक लहानशी लाकडी डबी काढली आणि पाहुण्यांसमोर ठेवली. तळाशी मिठाचे काही खडे होते.

"तुम्ही घ्या," ती म्हणाली. "आम्हाला सवय झाली आहे. गाय व्यायला आली की तिला द्यायचं म्हणून ठेवलं होतं. पण घरी आलेल्या माणसाला अळणी कसं वाढायचं?"

जयसेन घाईने म्हणाला, "मला नको. मला मिठाचे पथ्य आहे."

आचार्यांनी मात्र डबी आपल्याकडे ओढली. एक खडा भाजीत चुरला. दुसरा ताकात टाकला. जयसेन पाहत राहिला. जन्मभर एका वेळचे जेवण जेवणारे, दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेले फळसुद्धा न विचारता न उचलणारे आचार्य ते. त्यांनी तिसरा खडा भाकरीवर घासला, आणि मग डबी उपडी करून उरलेसुरले मीठ ताकात झटकून ते ढवळून पिऊन टाकले. वाडगे खाली ठेवून ते म्हणाले, "अजून आहे का, मुली?"

आबांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. पेमूने मान खाली घातली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, "नाही बाबा. सांगायला लाज वाटते. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. पाहुण्याने मागावं आणि नाही म्हणावं लागावं, असं कधीच नाही झालं."

जयसेनने भाकरी अर्धीच ठेवली. जेवण आटोपताच तो घरामागच्या मोकळ्या जागेत निघून गेला. आचार्य त्याच्या मागोमाग आले. समोर दरीत ऊन पडले होते.

"आचार्य, क्षमा करा," जयसेन म्हणाला, "पण आज मला तुमची लाज वाटली."

"किती?"

"तिच्याकडे मान वर करून पाहवेना."

"का बरे? त्या डबीत होते तरी किती मीठ?"

"किती होते हा प्रश्नच नाही!" जयसेनचा आवाज चढला. "तिच्याकडे तेवढेच होते. तुम्हाला ते दिसत होते. तुम्हाला त्याची गरज नव्हती. ती आपल्याला अडवू शकणार नाही हेही तुम्हाला ठाऊक होते. आणि तरीही तुम्ही..."

तो थांबला. स्वतःचे शब्द त्याच्या कानावर आले होते.

"बोल," आचार्य म्हणाले. "थांबलास का?"

जयसेन एका दगडावर बसला. आचार्यही त्याच्याशेजारी बसले. त्यांचा स्वर सौम्य होता, पण त्यात सांत्वन नव्हते.

"मी आज वाईट वागलो, जयसेन. त्याला मी दुसरे नाव देणार नाही. मी एका घरातले मीठ घेतले, समोर बसून, त्या मुलीच्या डोळ्यांदेखत. तुला माझी लाज वाटली, ते योग्यच झाले. तू एका सबंध देशाच्या घराघरातले मीठ घेतलेस. पण ते राजवाड्यात बसून घेतलेस, त्यामुळे तुला लाज वाटली नाही, उलट लोकांनी हार घातले. दोन्ही कृत्ये एकच आहेत. माझ्या आणि तिच्यामध्ये एक ताट होते, तुझ्या आणि तिच्यामध्ये एक पर्वत आहे, इतकाच फरक. आणि आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली का? आज पहिली लाज वाटली ती पेमूला. तिने काय केले होते? जी लाज आपण स्वतःला वाटू देत नाही ती नाहीशी होत नाही. ती शेजारच्या घरी जाऊन राहते, आणि ती बिचारी माणसे तिला आपलीच समजून सांभाळत बसतात."

जयसेन म्हणाला, "पण तो पूर्वेचा रस्ता, आचार्य? तो धोका तर खरा आहे."

"असेल. मग त्यांच्या राजासमोर बसून भांड. कठोर बोल. पटले नाही तर पटले नाही असे सांग. शेजाऱ्याशी मतभेद असण्यात कसलीही लाज नाही. त्याच्या चुलीत पाणी ओतण्यात आहे."

मग ते म्हणाले, "आता आत जा आणि तू कोण आहेस ते तिला सांग."

जयसेन उठला. उंबरठ्यापर्यंत गेला. पेमू भांडी घासत होती. तिने वर पाहिले आणि हसून म्हणाली, "पोट भरलं नाही ना तुमचं? तुम्ही धड जेवलातच नाही. अजून भाकरी आहे." परराज्यांच्या दरबारांत ज्याच्या वाणीपुढे कोणाचे चालत नसे त्या जयसेनला एक शब्द बोलता आला नाही. तो तसाच परतला.

"नाही जमले," तो म्हणाला.

"मग खाली जा," आचार्य म्हणाले. "दार उघड. मी इथेच राहतो. मी या घरातले मीठ खाल्ले आहे. ते परत आल्याशिवाय मला इथून जाता येणार नाही."

जयसेन एकटा खाली उतरला. दरवाजाशी तासूने विचारले, "जेवलात ना घरी?" जयसेनने होय म्हटले आणि तो पुढे निघाला. मागे वळून पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

राजधानीत पोहोचताच त्याने राजाला एकांतात गाठले. त्याने सर्व सांगितले. राजाने ऐकून घेतले, पण त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"ते वाकलेले नाहीत आणि आपण दार उघडायचे?" राजा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगू की महामंत्र्याने चूक केली. ते खरेच आहे."

"आणि शेजारची राज्ये? ती हसतील आपल्याला."

"ती हसणार नाहीत, महाराज. त्यांचे दूत माझे अभिनंदन करायला आले तेव्हा त्यांच्या माना खाली होत्या. मी तो आदर समजलो. आता कळते आहे, त्यांतला प्रत्येकजण मनात एकच हिशेब करत होता, की आपल्या घरातली कोणती वस्तू मध्यराज्यातून येते. उद्या ते सगळेच दुसरे रस्ते शोधतील. पूर्वेच्या साम्राज्याला त्यांच्याकडे जावेही लागणार नाही. आपणच त्यांना तिकडे हाकलतो आहोत."

राजाला हे पटले, पण पटलेले कबूल करायला त्याला वेळ लागला. आज सेनापतीचे मत घ्यायचे, उद्या ज्योतिषाचे. एकदा तर तो म्हणाला, परिषद होऊन जाऊ दे, मग पाहू. जयसेन रोज जाऊन उभा राहत होता. दरम्यान थंडी पडू लागली. अखेरीस राजाने दार उघडण्याची आज्ञा दिली, पण दवंडी निराळीच पिटली गेली. 'खिंडीतल्या दरवाजाची दुरुस्ती पूर्ण झाली असून, मध्यराज्याने औदार्याने तुंगदेशाचा मिठाचा पुरवठा पूर्ववत केला आहे.' आणि तिच्या शेवटी, 'महामंत्री जयसेन प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत आहेत.'

जयसेनने ती दवंडी ऐकली. ती खोटी आहे असे त्याने कोणालाच सांगितले नाही. दार तर उघडले ना, असे त्याने मनाला समजावले, आणि मिठाने लादलेल्या पहिल्याच तांड्याबरोबर तो पर्वताकडे निघाला.

पेमूच्या घरी तो पोहोचला तेव्हा अंगणाच्या कडेला पहिला बर्फ साचला होता. तासू त्याच्या आधीच घरी आलेला होता. खिंडीच्या दरवाजाशी वाट पाहता पाहता त्याची दोन खेचरे मेली होती. आचार्य गोठ्यात होते. गाय व्याली होती, वासरूही जगले होते, पण तिला दूध आले नव्हते. आचार्य वासराला ओल्या फडक्याने पेज पाजत होते. ते पूर्वीपेक्षा वाळले होते. जयसेनला पाहून ते एवढेच म्हणाले, "दूध आटले त्यात माझ्या त्या दिवशीच्या ताकाचाही वाटा असेल. ते ओझे मी माझ्याबरोबर नेईन. तू तुझे बघ."

जयसेनने स्वतःच्या खांद्यावरचे मिठाचे पोते स्वयंपाकघरात उतरवले. पेमूने ते उघडले, हातात मूठभर मीठ घेतले आणि पुन्हा पोत्यात सोडले. कोपऱ्यातल्या बरण्या तशाच पालथ्या होत्या.

"पाला?" त्याने विचारले.

"करपला," ती म्हणाली. "बर्फ पडण्याआधी आलं असतं तर झालं असतं. आता या हिवाळ्यात जे आहे त्यावर भागवायचं. पण दार दुरुस्त झालं हे बरं झालं."

तेव्हा जयसेन खाली बसला. भिंतीकडे न पाहता, आचार्यांकडे न पाहता, त्याने तिच्याकडे पाहिले. "दरवाजा मोडलाच नव्हता," तो म्हणाला. "दुरुस्ती नव्हती. मी मध्यराज्याचा महामंत्री होतो. दार मी बंद करवले. तुम्हाला मीठ मिळू नये म्हणूनच करवले. त्या दिवशी मी तुमच्या घरी जेवलो तेव्हाही ते माझ्याच हुकमाने बंद होते."

तासू उठून बाहेर गेला. आबा दोरी वळायचे थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाऐवजी असे काही उमटले, जणू एखाद्या जुन्या सोयऱ्याने त्यांना भर पंगतीतून उठवले होते. ते पाहणे जयसेनला रागापेक्षा जड गेले.

पेमूने विचारले, "आमचं काय चुकलं होतं?"

याचे उत्तर जयसेनला पाठ होते. पूर्वेचा रस्ता, सीमेची सुरक्षा, खंडातला सत्तेचा तोल, परिषदेतले मत. हे सारे त्याने मोठमोठ्या सभांत अस्खलित मांडले होते. त्या स्वयंपाकघरात, पालथ्या बरण्यांसमोर, त्यातले एकही वाक्य त्याला उच्चारता येईना. तो म्हणाला, "काही नाही. तुमचे काहीच चुकले नव्हते."

"मग हे मला कशाला सांगता?" पेमू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला ठाऊकच आहे, आमचं काही चुकलं नव्हतं. तुमच्या लोकांना सांगा. दारावरचे पहारेकरी आज आमच्या माणसांना म्हणत होते, तुमच्यावर केवढे उपकार केले, आभार माना."

तिने चुलीवर भांडे ठेवले. पाहुण्यांना ती त्या दिवशीही जेवल्याशिवाय जाऊ देणार नव्हती. पण वाढताना ती हसली नाही, आणि जयसेननेही काही मागितले नाही.

जयसेन आणि आचार्य दुसऱ्या सकाळी खाली उतरले. वाटेत आचार्यांनी काहीच उपदेश केला नाही. राजधानी आल्यावर ते आपल्या अंगणाकडे वळले आणि जयसेन मुख्य चौकात गेला. बाजाराची वेळ होती. लोकांनी त्याला ओळखले, कोणी आदराने वाट करून दिली, कोणी प्रकृती कशी आहे म्हणून विचारले.

तो एका ओट्यावर चढला आणि म्हणाला, "माझी प्रकृती उत्तम आहे. दरवाजा मोडला नव्हता. आपण आपल्या शेजाऱ्याचे मीठ अडवले होते, आणि त्याला आपण इथे हसत होतो. पहिला हसणारा मी होतो."

आधी लोकांना वाटले तो थट्टा करतो आहे. मग कोणीतरी ओरडले, "पूर्वेकडून किती खाल्लेस?" एकाने चिखल फेकला. "शेजाऱ्यांचा एवढा पुळका असेल तर तिकडेच जाऊन राहा!" अशी आरोळी उठली. बरेच लोक थुंकून निघून गेले. जयसेन तरीही सांगत राहिला. पालथ्या बरण्यांचे सांगितले, भिंत चाटणाऱ्या गायीचे सांगितले, दरवाजा दुरुस्त करायला फुकट हात लावू म्हणणाऱ्या खेचरवाल्याचे सांगितले. त्याचे बोलणे संपले तेव्हा चौक जवळजवळ रिकामा झाला होता.

जवळजवळच. काही माणसे अजून उभी होती. एक बाई हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायची विसरून गेली होती. एका दुकानदाराने डोक्यावरचे पागोटे काढून हातात धरले होते. कोणी एकमेकांकडे पाहत नव्हते. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या.

आयुष्यात जयसेनने पुष्कळ मोठ्या सभा जिंकल्या होत्या. पण आपल्या बोलण्याने माणसांनी माना खाली घातल्या, याचे समाधान त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटले. तो ओट्यावरून उतरला आणि त्यांच्यातच जाऊन उभा राहिला.

देशाचा अभिमान वाटून घ्यायला सारेच पुढे येतात. त्याच्या वाट्याची लाज उचलणारी थोडी माणसे जिथे असतात, त्या देशाच्या शेजाऱ्यांनाच घरात निर्धास्तपणे चूल पेटवता येते.